भट्टी अजून पितेय

"काय दिसतंय?" आत्यांनी विचारलं.

मी पदर नाकाला लावून भट्टीच्या भिंतीतल्या भोकासमोर वाकले. भोक वीतभर, त्यावर एरवी खापराचं झाकण. ज्ञानूने ते चिमट्याने बाजूला केलं की आतली धग अशी अंगावर यायची, की आपल्याच भुवया करपल्याचा वास आपल्याला यावा.

"लाल," मी म्हणाले.

"लाल म्हंजी कसलं? कुकवाचं का शेंदराचं?"

"शेंदराचं."

"डाव्या अंगाला, खालतीकडं?"

"तिथं जरा कुंकवाकडे झुकतंय."

"नीट बग. मग सांग."

नीटच बघत होते. तीन दिवस दुसरं काही बघितलंच नव्हतं. वैशाखाचं ऊन डोक्यावर, समोर चुन्याची भट्टी, आणि दर दोन तासांनी आत्यांची ही तोंडी परीक्षा. त्या स्वतः दोन पावलं मागे उभ्या राहून विचारायच्या आणि मी भोकाशी भाजून घ्यायचं. सासुरवास म्हणतात तो हाच, अशी माझी खात्री झाली होती.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, गजराबाई. सत्त्याऐंशी साल होतं आणि माझ्या लग्नाला पाच महिने झाले होते. सासरे जाऊन सात वर्षं झाली होती. त्यांच्यामागे माळावरची ही भट्टी आत्यांनी एकटीने चालवली. ओढ्यातली चुनखडी फोडून आणायची, भट्टीत तिची कमान रचायची, खालून बाभळीचं लाकूड घालत तीन दिवस, तीन रात्री जाळ लावायचा. मग तोंड लिंपून भट्टी निववायची आणि आतली पांढरी कळी काढायची. या कळीत पाणी पडलं की तो चुना. सिमेंटने बाकीच्या भट्ट्या केव्हाच गिळल्या होत्या. आमची एवढी एक उरली होती.

मी कराडची. बी.एस्सी.ची दोन वर्षं केलेली, पण त्या दोन वर्षांची घमेंड चांगली सहा वर्षं पुरेल एवढी होती. भट्टी पेटली त्या दिवशी मी आत्यांना समजावून सांगितलं होतं की आत जे चाललंय त्याला उष्माग्राही अभिक्रिया म्हणतात. चुनखडी उष्णता शोषून घेते, तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळी उरते.

"आमी म्हंतो, दगूड आग पितो," आत्या म्हणाल्या. "प्वाट भरस्तवर त्येच्या तोंडावर रंग येत न्हाई. किती का लाकूड घाल."

"तेच ते, आत्या. त्याचंच शास्त्रीय नाव मी सांगितलं."

"आसू दे की. नाव घेतल्यानं लाकूड कमी लागतंय का?"

ज्ञानू खो खो हसला. हा ज्ञानू म्हणजे सासऱ्यांच्या वेळेपासूनचा जाळवाला, पन्नाशीचा, कानात बाळी आणि तोंडात कायम तंबाखूचा बार. भट्टीच्या तोंडाशी बसून लाकूड घालणं एवढंच त्याचं काम आणि हसणं हा जोडधंदा. त्या दिवशी तो माझ्यावर हसला ते मला चांगलंच झोंबलं.

ही भट्टी साधी नव्हती. गावाबाहेरच्या जुन्या बारवेच्या पायऱ्या ढासळल्या होत्या आणि पंचांनी दुरुस्ती काढली होती. पंचांना सिमेंट हवं होतं. बाबालाल उस्तादांनी, म्हणजे आमच्या भागातल्या सगळ्यात जुन्या गवंड्यांनी, हट्ट धरला की चुन्याची बारव चुन्यानेच बांधणार आणि चुना घेणार तो गजराक्काच्या भट्टीचा. पण दिवाळीच्या आधीची आमची एक भट्टी कच्ची निघाली होती. देवळाच्या ओट्याला केलेला गिलावा महिन्याभरात पापुद्र्यांनी गळला. उस्ताद तेव्हा काही बोलले नाहीत. या वेळी मात्र भट्टी भरताना येऊन त्यांनी सांगून ठेवलं होतं, "अक्का, ह्या खेपेला कळी कच्ची निघाली तर पंचांपुढं माझं तोंड चालायचं न्हाई. शिमिटाची पोती येतील." सिमेंट आलं की भट्टी संपली, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. आत्यांनी नुसती मान डोलावली होती.

आता माझं रडगाणं. माझ्या पाठच्या बहिणीची, मंदाची, गुरुवारी हळद होती आणि शुक्रवारी लग्न. भट्टी रविवारी पेटली, म्हणजे बुधवारी दुपारपर्यंत ती व्हायला हवी होती. बुधवारी चारची एस.टी. गाठली की रात्री माहेरी. नवरा, संपत, त्याच गाडीवर कंडक्टर, त्यामुळे जागेचीही ददात नव्हती. अडचण एकच होती. आमच्या घरात असा रिवाज की भट्टी पेटलेली असताना तिच्यावर राबणाऱ्या घरातल्या कुणी गावाची शीव ओलांडायची नाही. जन्म असो, मरण असो, तोंड लिंपेपर्यंत सगळ्यांनी शिवेच्या आत. यंदा दगड मोठ्या तुकड्यांचा आला होता आणि तो बुधवारी दुपार झाली तरी पीतच होता.

"आणखी किती, आत्या?" मी विचारलं.

"आता दगडाला इचारायचं. हळदीचा रंग आला की बास."

दोन वाजता ज्ञानूने पुन्हा झाकण काढलं. मी वाकले. आत शेंदरीच होतं. डावीकडे खालच्या अंगाला अजून काळसर लाल. माझ्या डोळ्यांपुढे मात्र भट्टी नव्हतीच. चारची गाडी फाट्यावरून धूळ उडवत निघून चाललेली मला स्पष्ट दिसत होती.

"काय दिसतंय?"

"हळदीचा," मी म्हणाले. "आला."

"सगळीकडं?"

"सगळीकडं."

 आत्या मान जराशी कलती करून, उजवा गाल भट्टीकडे धरून उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता पुढे येतील, वाकतील आणि माझं खोटं पकडतील. पकडलं तर हसून ‘चुकलं बाई’ म्हणायचं मी ठरवूनही ठेवलं होतं. शिवाय माझ्यापाशी शास्त्र होतं. चुनखडी नऊशे अंशांना फुटते आणि शेंदरी रंग म्हणजे नऊशेच्या आसपास, असं मी मनात जमवून टाकलं. दगड किती तापला आणि किती प्याला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पुस्तकात लिहिलेलं होतं. पण ते पान मी सोयीने विसरले.

"नक्की न्हवं?" आत्यांनी विचारलं.

"तुम्हीच बघा की मग," मी जरा फणकाऱ्याने म्हणाले.

त्या पुढे आल्या नाहीत. म्हणाल्या, "तू बगितलंस न्हवं? झालं मग. ज्ञानू, तोंड लिंप."

ज्ञानूने चिखलाने भट्टीचं तोंड लिंपलं. माझा पाय एव्हाना घराच्या वाटेला लागलेला होता. आत्यांनी मागून हाक मारून मंदासाठी खण दिला आणि वर शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा. तो डबा मांडीवर घेऊन मी चारच्या गाडीत बसले. मन टोचत होतं असं आता लिहायला बरं वाटेल, पण ते खरं नाही. कराड येईपर्यंत मी मजेत होते, आणि हळदीत तर सगळ्यांत जास्त मीच नाचले.

रविवारी सकाळी परतले ते थेट माळावर. भट्टी निवली होती आणि उघडायचं काम चाललं होतं. उस्ताद आलेच होते. डोक्याला पांढरा रुमाल, लेंगा, खांद्यावर गुण्या, ओळंबा अशा हत्यारांची पिशवी. ज्ञानूने वरचे दोन थर काढून घमेल्यात ठेवले होते. दिसायला झकास पांढरी कळी. मी सुटकेचा श्वास टाकला.

आत्यांनी एक ढेकूळ रिकाम्या घमेल्यात ठेवलं, तांब्या उचलला आणि पाणी ओतलं. निम्मं पाणी घमेल्याच्या बाहेर पडलं. वयामुळे नेम चुकला असेल असं मला वाटलं. मग त्या वाकून, कान घमेल्याकडे करून थांबल्या. चांगली कळी पाणी प्याली की पहिल्यांदा सुसकारते, मग तडकते, मग तिच्यातून अशी वाफ उठते की घमेल्याला हात लावता येत नाही. हे ढेकूळ जरासं सुसकारलं, वरचा पापुद्रा फुलला आणि गप्प झालं. घमेलं कोमटसुद्धा झालं नाही.

"मोठं हाय म्हून आसंल," आत्या म्हणाल्या. "दुसरं घ्या."

उस्तादांनी दुसरं घेतलं, तिसरं घेतलं. मग पाणी बाजूला ठेवलं, पिशवीतून हातोडी काढली आणि एका ढेकळाचे सरळ दोन तुकडे केले. बाहेर दोन बोटं पांढरी कळी आणि आत मुठीएवढा निळसर करडा दगड, ओढ्यातून आणला तसाच. तीन दिवसांचा जाळ त्याच्यापर्यंत पोचलाच नव्हता.

उस्तादांनी तो तुकडा उजव्या हातात धरून आत्यांपुढे केला. "बगा, अक्का. आत निव्वळ दगूड हाय."

आत्यांनी त्यांच्या डाव्या हाताकडे पाहिलं. तिथे हातोडी होती. हातोडीकडे पाहत त्या म्हणाल्या, "व्हय. दिसतंय की."

तेव्हा मला कळलं. तीन दिवस दर दोन तासांनी विचारलेलं ‘काय दिसतंय’ ही परीक्षा नव्हती. त्या खरंच विचारत होत्या. त्यांना काही दिसत नव्हतं. दिवाळीच्या भट्टीतही दिसलं नव्हतं. गावात कुणाला माहीत नव्हतं, पोटच्या पोराला माहीत नव्हतं. घरात शिकलेली, धड डोळ्यांची सून आली तेव्हा त्यांनी कसलाही गवगवा न करता तिला भोकाशी उभी केली होती. आणि त्या सुनेने एका एस.टी.साठी त्यांना खोटा रंग सांगितला होता.

"लाकूड वलं हुतं," आत्या उस्तादांना म्हणत होत्या. "माजीच चूक झाली. घाई केली म्या."

"अक्का, तुमी आन् घाई?" उस्ताद जमिनीवर बसले. त्यांना वाईट वाटत होतं आणि ते लपवता येत नव्हतं. "वाईट वाटून घेऊ नगा. वय कुणाला चुकलंय? माजाबी ओळंबा आता हालतोय. आता पंचांस्नी काय सांगायचं ते तुमीच सांगा."

आत्यांचा चेहरा मी आजही विसरलेले नाही. रडवेला नव्हता. नुसता बंद झाला होता. ‘सुनेनं रंग चुकीचा सांगितला’ एवढं त्या म्हणाल्या असत्या तर सुटल्या असत्या. पण मग पुढचा प्रश्न आला असता की तुम्ही तिला का विचारलंत, आणि भट्टीवालीला रंग दिसत नाही हे कळल्यावर तिच्याकडचा चुना कोण नेणार? म्हणून त्यांनी सगळं आपल्या अंगावर घेतलं होतं.

माझी अडचणही तीच. खरं बोलावं तर त्यांचं गुपित फुटणार. गप्प बसावं तर त्यांचं नाव बुडणार. इतका मोठा विचार मी उभ्या जन्मात इतक्या थोड्या वेळात केला नसेल.

"उस्ताद," मी म्हणाले, "भट्टी मी बंद केली."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"आत्या भाकरी खायला घरी गेल्या होत्या. दोन तासांनी येते म्हणाल्या होत्या. मी ज्ञानूला सांगितलं की आत्यांनीच तोंड लिंपायला सांगितलंय. माझ्या बहिणीची हळद होती. भट्टी पेटलेली असताना मला शिवेबाहेर जाता येत नव्हतं."

ज्ञानू तिथेच उभा होता. बुधवारी आत्या घरी गेल्या नव्हत्या, हे त्याला माझ्याइतकंच माहीत होतं. त्याने तोंडातला बार या गालातून त्या गालात नेला, मग तो बांधावर जाऊन थुंकून आला आणि म्हणाला, "मला काय ठावं, उस्ताद. वयनी म्हनल्या लिंप, म्या लिंपलं."

उस्तादांनी मला रोखून पाहिलं. माझे कान तापले. शरमेने तापायला कारण खरंच होतं, त्यामुळे ते सोंग वाटलं नसावं.

"हळदीसाठी?" ते म्हणाले. "आगं पोरी, बारवेला तीनशे वरसं झाली. तिला आनि तू हळदीसाठी..." पुढचं त्यांनी गिळलं. मग आत्यांकडे वळून म्हणाले, "म्हंजी तुमची चूक न्हाई तर. लाकूड वलं हुतं म्हनं. सुनंला झाकताय व्हय?"

आत्यांनी पदर सारखा केला.

"परत भरा," उस्ताद उठत म्हणाले. "कच्चा दगूड फोडून बारीक करा, परत आग पाजा. पंचांस्नी म्या धा दिस थांबवतो. पर ह्यो शेवटचा डाव, अक्का. आन् ह्या पोरीला भट्टीच्या जवळ येऊ दिऊ नगा."

ते गेल्यावर ज्ञानूने शहाण्यासारखं बैलांना पाणी दाखवायला जायचं काढलं. आत्या भट्टीच्या कडेच्या दगडावर बसल्या. मी समोर उभी होते. 

"कवा कळलं तुला?" त्यांनी विचारलं.

"आत्ता. हातोडीकडे बघितलंत तेव्हा."

"व्हय? हातोडी हुती व्हय ती." त्या थोडं हसल्या. "उजेड दिसतोय. माणूस हाललेलं दिसतंय. रंग न्हाई दिसत. दोन वरसं झाली. संपतला सांगू नगंस."

"मिरजेला डोळ्यांचे डॉक्टर आहेत, आत्या. ऑपरेशन करतात."

"करत्यात. आन् उरलंय तेबी गेलं म्हंजी?"

मी खाली बसले आणि त्यांचे पाय धरले. "मला माहीत असतं तर मी खोटं बोलले नसते, आत्या. शपथ. मला वाटलं, तुम्ही माझी परीक्षा घेताय. चुकीचं सांगितलं तर तुम्ही स्वतः बघालच."

"रडू नगंस. दगूड परत भाजता येतोय."

"पण तुमचं नाव..."

"नावाचं जाऊ दे. तुला एक सांगू का?" त्यांनी उजव्या गालावर हात ठेवला. "त्या दिशी हितं हुबी हुती तवा ह्यो गाल मला म्हनत हुता, भट्टी अजून पितीया. पीत आसली की धग मऊ लागती. लाकूड घालत ऱ्हावा, ताप वाढत न्हाई, समदा आत दगडात जातोय. प्वाट भरलं की धग फिरती, टोचाया लागती. त्या दिशी टोचत न्हवती. पर तू म्हनलीस, हळदीचा आला. मग म्या म्हनलं, पोरगी शिकलेली हाय, डोळं धड हायती, तिला दिसतंय. आपलाच गाल म्हातारा झाला. डोळं गेलं तवा येवडं वाईट वाटलं न्हवतं बग. गालबी गेला म्हनून त्या राती मला झोप न्हाई लागली."

हे त्यांनी दोष देण्यासाठी सांगितलं नव्हतं. काय घडलं ते सांगत होत्या. पण मला त्यापेक्षा दोन थोबाडीत मारलेल्या परवडल्या असत्या. मी भट्टी नासवली एवढंच मला आतापर्यंत कळलं होतं. त्यांच्यापाशी उरलेल्या शेवटच्या खुणेवरचा त्यांचा भरवसाही मीच नासवला होता, हे तेव्हा कळलं. मी त्या माळावर हुंदके देऊन रडले. त्यांनी रडू दिलं. मग म्हणाल्या, "ऊठ. दगूड फोडाय लाग."

दोन दिवस आम्ही तिघं कच्ची ढेकळं फोडत होतो. माझ्या हाताला फोड आले ते मी कुणाला दाखवले नाहीत. बुधवारी भट्टी पुन्हा पेटली. भट्टीजवळ येऊ देऊ नका असं उस्ताद म्हणाले होते, पण आत्यांनी मला भोकाशीच उभी केली. या वेळी त्या विचारायच्या आणि मी सांगायची ते शब्द तोलून सांगायची. कुंकवाचा. उजवीकडे शेंदराचा. मागच्या बाजूला अजून काळा. ज्ञानू लाकूड घालत होता, भट्टी खात होती आणि रंग तासन्‌तास जागचा हलत नव्हता. जळणाचा ढीग डोळ्यांदेखत उतरत होता आणि एवढी आग जाते कुठे, तर त्या मुक्या दगडात. मी दोन ओळींचं समीकरण परीक्षेत शंभर वेळा लिहिलं होतं. ते इतकं लाकूड मागतं हे तेव्हाच दिसलं.

शुक्रवारी दुपारी लाकूड संपत आलं. आत्या पुढे येऊन मान कलती करून उभ्या राहिल्या. बराच वेळ तशाच होत्या.

"मला वाटतंय झाली," त्या हळूच म्हणाल्या. "टोचाया लागलीया. तू सांगायच्या आदी गालाला इचारून बगायचं हुतं. बग आता. माजा गाल खरा का न्हाई?"

ज्ञानूने झाकण काढलं. मी वाकले.

उजवीकडे हळद होती. मध्ये हळद होती. वर हळद होती. डावीकडे खालच्या अंगाला, हाताच्या पंजाएवढ्या जागेत, शेंदूर होता.

मी तशीच वाकून राहिले. चेहरा भाजत होता. मागे त्या वाट बघत उभ्या होत्या. नवऱ्याच्या पहिल्या पगाराच्या वेळीही माणूस इतकी आस लावून उभं राहत नसेल. एवढ्याशा कोपऱ्याने असा काय फरक पडणार होता? पाच-पंचवीस ढेकळं कच्ची निघाली असती, ती मी गुपचूप वेचून टाकली असती. ‘खरा आहे तुमचा गाल’ हे शब्द अगदी जिभेवर आले होते. आणि या वेळी ते स्वतःसाठी नव्हतं.

"नाही, आत्या," मी म्हणाले. "बाकी सगळं झालंय. डावीकडे खाली अजून शेंदूर आहे. पंजाएवढा."

 ज्ञानू म्हणाला, "लाकूड घटकाभराचं ऱ्हायलंय, वयनी."

"घराच्या माग्गं बाभळीचं दोन ओंडकं हायती," आत्या म्हणाल्या.

"अक्का, ते मालकांनी नव्या बैलगाडीसाठी राखल्यालं हायती."

"गाडी कवा व्हयाची ती हुईल. आन जा."

ज्ञानूने ओंडके आणले आणि फोडले. सासऱ्यांच्या हातची ती सात-आठ वर्षं वाळलेली बाभूळ तासभर जळली, दोन तास जळली. आत्या दगडावर बसल्या होत्या. मला भीती वाटत होती की त्यांना पुन्हा तेच वाटत असणार, डोळे गेले आणि आता गालही गेला.

"राग आला, आत्या?" मी विचारलं.

"कशाचा?"

"मी नाही म्हणाले त्याचा."

त्यांनी हात पुढे करून माझा हात शोधला आणि फोडांवरून बोट फिरवलं. "आगं, तू व्हय म्हनली आसतीस तर मला काय कळनार हुतं? जन्मभर तसंच वाटत ऱ्हायलं आसतं, की खरं सांगती का मन राखती. आता तू व्हय म्हनलीस की म्या ईश्वास ठेवनार. सुटले बग म्या."

साडेपाचला तो कोपरा हळदीचा झाला. मी सांगितलं. त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

भट्टी उघडली त्या दिवशी उस्ताद पंचांपैकी दोघांना घेऊनच आले होते. बारवेजवळ हौद खणून त्यात पाणी भरून ठेवलं होतं, तिथे आम्ही बैलगाडीतून कळी नेली. एवढ्या चुन्याला आधी पाणी आणि मग कळी, असा नियम. उलटं केलं तर चुना उसळून डोळ्यांत जातो. उस्तादांनी पहिलं ढेकूळ फोडलंच नाही, तसंच पाण्यात सोडलं. ते बुडालं, क्षणभर काही झालं नाही, मग पाण्याखाली तड्‌तड् वाजलं आणि सगळा हौद बोलायला लागला. ज्ञानूने घमेल्यामागून घमेली ओतली. पाणी खदखदायला लागलं, दुधासारखं पांढरं, वाफेचे लोट वर जाऊ लागले. खाली काडीसुद्धा पेटलेली नव्हती. दगडांनी पिऊन ठेवलेली सगळी आग पाण्यात बाहेर पडत होती. दोन्ही पंच चार पावलं मागे सरले.

उस्ताद लांब दांड्याचं फावडं हौदात फिरवत होते. तळाला एक खडा लागेना. त्यांनी फावड्यावर लोण्यासारखा चुना वर घेतला, तो बघितला आणि पंचांकडे वळले.

"बगा. ह्याला म्हंत्यात चुना. अक्का, नजर अजून तीच हाय तुमची. काय ढळली न्हाई."

ही शाबासकी गावापुढे होती. एवढ्यासाठीच दोन वर्षं सगळी लपवाछपवी चालली होती. आत्यांनी नुसती मान डोलावली असती तर कुणाला काही कळलं नसतं. मी त्या मान डोलावतील याची वाट बघत होते.

"माजी न्हवं, उस्ताद," आत्या म्हणाल्या. "मला दोन वरसं रंग दिसत न्हाई. दिवाळीची भट्टी त्येनंच गेली. ही नजर हिची हाय."

उस्तादांचं फावडं थांबलं. एक पंच काहीतरी बोलणार होता, उस्तादांनी हात वर करून त्याला थांबवलं. त्यांनी आधी आत्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्या दिवशीची भाकरीची कहाणी त्यांना आठवली असणार, कारण त्यांच्या मिशीत थोडं हसू आलं.

"बारवंचं काम चार म्हयनं चालंल," ते मला म्हणाले. "अजून दोन भट्ट्या लागतील. कुनाची हळद-बिळद असंल तर आत्ताच सांगून ठेव."

"कुणाची नाही, उस्ताद," मी म्हणाले.

आत्यांनी हौदाच्या वाफेकडे गाल केला आणि ज्ञानूला पुढचं घमेलं ओतायला सांगितलं.